कुलवधूचे घर

सरकारी कचेरीत माणसाची ओळख रकान्यांत मावते : जन्मस्थान, राष्ट्र, व्यवसाय, पतीचे नाव. दुर्गा केळेकर या मुलीचा अर्ज आमच्या टेबलावर आला असता तर पहिल्याच रकान्याशी आम्ही अडलो असतो. जन्म १९१४ चा, गोव्यातील बांदिवड्याचा. राज्य पोर्तुगीजांचे आणि कंठ मात्र अस्सल मराठी. पुढे हीच मुलगी ज्योत्स्ना भोळे या नावाने मराठी रंगभूमीवर आली.

तो काळ सोपा नव्हता. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांना इतके वैभव दिले होते की, खऱ्या स्त्रीची तिथे गरजच काय, असे रसिकांना वाटे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यातील बिंबा ज्योत्स्नाबाईंनी उभी केली. घरंदाज विवाहित स्त्रीने लोकांसमोर उभे राहणे, हेच मोठे धाडस होते.

१९४२ साली मो. ग. रांगणेकरांचे 'कुलवधू' आले. त्यातील भानुमती चित्रपटांत काम करून पैसा आणि नाव मिळवते आणि नवऱ्याला नेमके तेच सोसत नाही. ती त्याचे घर सोडते. पण जाते ती सासूसासऱ्यांकडे. मास्टर कृष्णरावांच्या चालीतली त्या नाटकातील भैरवी आजही घरोघर ऐकू येते. त्यामागचे दुःख मात्र फारसे कोणी ऐकत नाही.

मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. भानुमतीला जे मिळाले नाही, ते ती रंगवणारीला मिळाले होते. संगीतकार केशवराव भोळे यांनी पत्नीच्या कलेला धाक मानले नाही. 'आंधळ्यांची शाळा'च्या गाण्यांना चाली त्यांच्याच होत्या. २००१ साली ज्योत्स्नाबाई निवर्तल्या, तोवर त्यांनी 'आराधना' हे नाटक लिहूनही ठेवले होते.

फाळणीनंतर निर्वासितांनी वसवलेल्या जयपूरच्या या आदर्श नगरात आम्हां मराठी मंडळींची संख्या थोडी. गणेशोत्सवाच्या नाटकात यंदा आमच्या सौभाग्यवतींना मुख्य भूमिका मिळाली आहे. परवा एक शेजारी सहानुभूतीने म्हणाले, "वहिनी रोज तालमीला जातात, तुमची जेवणाची आबाळ होत असेल!"

मी म्हटले, "पोळ्या मला येतात, भाऊसाहेब. अभिनय तेवढा येत नाही."

ते हसले. पण जाता जाता, नाटकाची तारीख कोणती, हे त्यांनी विचारून घेतले.