उद्यमनगरातली टिपणे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयटीआयचा विषय काढला की बोलणं फिरून एकाच तक्रारीवर येतं. "पोरगं आम्ही शिकवायचं आणि दोन हजार जास्त देऊन शेजारच्यानं न्यायचं." तक्रार खोटी नाही. सीएनसीवर जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर आणि ड्रॉइंग वाचून, ऑफसेट बदलून माप धरणारा सेटर यांच्यात बऱ्याच काळाची मेहनत असते. त्या काळात बिघडलेले जॉब, मोडलेल्या इन्सर्ट आणि मेस्त्रीचा गेलेला वेळ हा खर्च पहिल्या मालकाचा, फायदा दुसऱ्याचा. म्हणून जो तो दुसऱ्यानं शिकवलेल्या पोराची वाट बघतो आणि कारखानदारांच्या असोसिएशनच्या बैठकीत सगळे मिळून म्हणतात, "कुशल माणूस मिळत नाही."

◆

शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. आता 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला उमेदवार घेणं सक्तीचं आहे, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. तीस माणसांच्या कारखान्याला अडीच टक्के म्हणजे पाऊण माणूस! उद्यमनगरातल्या दहा-पंधरा माणसांच्या शेडपर्यंत तर सक्ती पोचतच नाही. खरं काम शिकण्यासारखी जागा मात्र बहुतेकदा तीच असते, कारण तिथं एकच माणूस सकाळी ड्रिलिंग करतो, दुपारी लेथवर उभा राहतो आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाशी भांडतो.

◆

याच कायद्याच्या कलम 8 मध्ये एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. अनेक मालकांनी एकत्र यावं आणि आपल्याकडच्या उमेदवारांना मिळून शिकवावं, अशी मुभा तिथं दिली आहे.

ही तरतूद जणू कोल्हापूरसाठीच लिहिली असावी असं मला वाटतं. इथं एकच वस्तू तीन-चार दारांतून जाते. पॅटर्न एकाकडे, ओतकाम शिरोलीच्या फाउंड्रीत, मशिनिंग गोकुळ शिरगावला, रंग आणखी कुठं तरी. ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या पोटातली वायूची पोकळी, फाउंड्रीतून निघताना दिसत नाही. व्हीएमसीवर टूल कातडीखाली गेलं की भोक उघडं पडतं. मग फोनाफोनी सुरू. मशिनवाला म्हणतो ओतकाम खराब, फाउंड्रीवाला म्हणतो पॅटर्नला वायू निघायला वाट नाही, पॅटर्नवाला म्हणतो तुमच्या वाळूत ओल जास्त. तिघंही आपापल्या जागी थोडे बरोबर असतात. ज्या पोरानं चार महिने वाळूचा ओलावा तपासला, चार महिने कोअर बसवले आणि चार महिने तेच कास्टिंग मशिनवर कापलं, त्याला हा तंटा कुठं सुरू होतो ते कळेल. असा एक माणूस तीन कारखान्यांचं रिजेक्शन कमी करू शकतो.

शिवाय तिघांनी मिळून शिकवलेलं पोरगं तिघांपैकी कुणाकडेही गेलं, तरी पळवलं असं म्हणायला कुणाला तोंड राहत नाही. वर्गणी काढून गणपती बसवणाऱ्या गावाला हे हिशेब नवे नाहीत.

◆

"पूर्वी आयटीआय कुठं होतं? पोरं मेस्त्रीच्या हाताखाली शिकायची." हे ऐकून मीही मान हलवत आलो. इथल्या कारखानदारीचं मूळ शेतात आहे, उसाचे चरक, गुऱ्हाळं, नदीवरचे पंप आणि ते ओढणारी ऑइल इंजिनं. दुरुस्ती करता करता माणसं सुटे भाग ओतायला आणि मग अख्खं इंजिन बांधायला शिकली. पण त्या शिकण्यात झाडू मारणं, चहा आणणं आणि पाठीत पान्ह्याची मूठ खाणं हेही धरलेलं होतं. मेस्त्री कुणाला हाताखाली घेईल हे नात्यावर, गल्लीवर आणि जातीवर ठरायचं. मेस्त्री आपली हातोटी शेवटपर्यंत राखून ठेवायचा, कारण तेच त्याचं पेन्शन. आयटीआयच्या प्रवेशयादीत निदान दहावीचे गुण आणि आरक्षण तरी असतं.

◆

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा तयार कारागीर मिळणं शक्यच नव्हतं. आसपासची माणसं घेऊन ती घडवावी लागली, राहायला वसाहत बांधावी लागली. आज आपण ज्याला भागीदारी म्हणतो त्यात त्या काळी एक संस्थानिक होता, एक हिकमती कारखानदार होता आणि त्याचे नांगर विकत घ्यायला कचरणारे शेतकरी होते.

◆

2007-08 च्या सुमारास केंद्रानं 1396 सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायला घेतल्या. प्रत्येक ठिकाणी व्यवस्थापन समिती, अध्यक्ष उद्योगातला, समितीला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, पहिली दहा वर्षं फेड नाही, पुढं वीस वर्षांत परतफेड. वीस टक्क्यांपर्यंत जागा भरायचा अधिकारही समितीकडे.

कागदावर योजना चांगलीच होती. पण अशा समित्यांचं पाणी जोखायचं असेल तर इतिवृत्त वाचू नये, भांडारखोली बघावी. यंत्र एकदा येतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. इन्सर्ट, कूलंट, ग्राइंडिंग व्हील आणि कापायला लोखंड मात्र रोज लागतं. एमएसची पट्टी संपली की लाखांचं यंत्र झाकून ठेवतात आणि पोरं वहीत त्याचं चित्र काढतात.

फाउंड्रीला रिजेक्ट कास्टिंग म्हणजे पुन्हा भट्टीत जाणारा माल. आयटीआयला तोच माल म्हणजे फेसिंग, बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंगचा चांगला जॉब, शिवाय कुठं काय चुकलं ते दाखवणारा. वापरून झाल्यावर तो बर्रीसकट परत भट्टीत जातो. भागीदारीचा खर्च किती, तर टेम्पोचं भाडं. असा टेम्पो महिन्याला येत असेल तर सामंजस्य करार नसला तरी मला चालेल.

◆

आयटीआयत कानस घासून पोरांना काय मिळतं, असं हल्ली कारखानदारच विचारतात. सपाट म्हणजे काय आणि काटकोन म्हणजे काय हे हाताला कळतं. पुढं जा.

◆

शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन. 2019 च्या नियमांत किमान 5,000 ते 9,000 रुपये, शिक्षणानुसार. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार त्यातला पाव हिस्सा उचलतं, कमाल 1,500. एवढ्या पैशांत राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या पोरानं कोल्हापुरात खोली घ्यायची, जेवायचं आणि सकाळी सातच्या शिफ्टला हजर व्हायचं. सातला पोचवणारी एसटी सगळ्या गावांना नसते. शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहं काढली ती याच अडचणीवर, शिकायची सोय शहरात आणि पोरं खेड्यात. एमआयडीसीत प्लॉट पाडताना रस्ते, पाणी, वीज यांचा विचार होतो. शिकाऊ पोरांच्या वसतिगृहासाठी एक प्लॉट ठेवायला काय हरकत आहे?

◆

फाउंड्रीत जायला स्थानिक पोरं नाखूष असतात, आणि मालक त्यांना आळशी म्हणतात. साधारण चौदाशे अंशांचं लोखंड ओतताना समोर उभं राहायचं, वाळूची धूळ छातीत घ्यायची, आणि सिलिकोसिस झाला की त्यावर इलाज नाही. बाप म्हणतो, मशीन शॉपला जा, नाहीतर पुण्याला जा. बाप शहाणा आहे. ओतकामावर मग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली माणसं दिसतात, ती तरी हौसेनं आलेली असतात का? करिअर मेळाव्याच्या फलकापेक्षा धूळ ओढणारं यंत्र जास्त भरती करून देईल.

◆

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. शेजारच्या शेडला पोरगं गेलं म्हणून रडणाऱ्यांना आता शेजार केवढा मोठा झाला ते दिसेल.

◆

आयटीआयच्या निदेशकाला शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते असावंच. पण ज्यानं शिकवायचं त्यानं वर्षातले पंधरा दिवस चालू शेडमध्ये काढावेत, अशी सोय असोसिएशननं केली तर कोण अडवणार आहे? उलट्या बाजूनं, सातवी शिकलेला मेस्त्री, आवाजावरून बेअरिंग ओळखणारा, त्याला आठवड्यातून एक दुपार आयटीआयत बोलवायचं ठरलं तर पहिला प्रश्न येतो मानधन कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं हा. व्याख्याता म्हणून दाखवावं तर पदवी नाही, मजूर म्हणून दाखवावं तर तो येणार नाही. ते मानधन असोसिएशननंच द्यावं. चार शेडच्या एका महिन्याच्या चहाच्या बिलात भागेल.