हार्ट शेप!

"हार्ट शेप दिसतोय," सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या आणि मला एकदम व्हॅलेंटाइनचं ग्रीटिंग कार्डच आठवलं. पण हा शेप माझ्या गर्भाशयाचा होता! वरून मधोमध खोलगट, दोन्ही कोपरे शिंगांसारखे. नाव बायकॉर्न्युएट.

आपण आईच्या पोटात असताना गर्भाशय दोन नळ्या जुळून तयार होतं. माझ्या नळ्या वरच्या बाजूला जुळल्याच नाहीत. म्हणजे हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं, आणि मला कळलं सत्ताविसाव्या वर्षी. तेही मिसकॅरेज झाल्यावर.

तेव्हा अकरावा आठवडा होता. नाहूरला फक्त स्लो लोकल थांबते आणि सकाळी ती येते तीच दारापर्यंत भरून. सासूबाईंनी लोकलला दोष दिला, शेजारच्या काकूंनी पपईला. मी मात्र स्वतःला. एका इंटरव्ह्यूसाठी स्टेशनचा जिना धावत उतरले होते ना! डॉक्टर म्हणाल्या, "धावल्याने असं होत नाही गं. आणि या आकारामुळेच झालं, असंही छातीठोक सांगता येणार नाही."

मग थ्रीडी सोनोग्राफी. आत नुसता पडदा असता तर दुर्बिणीतून कापता आला असता. माझ्या प्रकाराला सहसा हात लावत नाहीत. किडन्याही तपासल्या, कारण दोन्ही शेजारी-शेजारी घडतात आणि कधीकधी एखादी किडनी नसतेच. माझ्या दोन निघाल्या. चला, काहीतरी फुल सेट!

रात्र रात्र वाचत बसायचे. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलॅक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमने जन्मतःच गर्भाशय नसलेल्या सोलापूरच्या तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं होतं. ते वाचून माझ्या वाकड्यातिकड्याबद्दल बरं वाटलं. लगेच त्याची लाजही वाटली.

आता पुन्हा दिवस आहेत, चौतिसावा आठवडा सुरू आहे. डिलिव्हरी वेळेआधी होण्याची भीती, म्हणून बॅग भरून दाराशी. बाळ एकाच शिंगात दाटीवाटीने बसलंय, डोकं वर. वळायला जागा नाही, त्यामुळे बहुतेक सिझेरियन.

घाबरत घाबरत घरी सांगितलं. सासूबाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे पायाळू! माझी उसण उतरवायला घरचाच पाय झाला की."

"आई, सिझेरियन झालं तरी पायाळूच?"

त्या विचारात पडल्या. पुढची सोनोग्राफी गुरुवारी आहे. डॉक्टरांना हे विचारायचंच म्हणून त्यासुद्धा येणार आहेत.