दुसरा घट

लज्जा ही खेड्याची आणि अपराधभाव हा शहराचा, अशी एक सोयीची वाटणी समीक्षेच्या बोलण्यात नकळत होऊन जाते. आसनगावला लोकल सोडून एस.टी.ने शहापूरमार्गे किन्हवलीकडे निघालेल्या माणसाला ती मनातल्या मनात पटतेही. इथे कुणाच्या दाराशी कोण थांबले हे बाजारापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. तेव्हा अशा परिसरातून आलेला पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी नॅथॅनिअल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (1850) वाचू लागला, तर सतराव्या शतकातील प्युरिटन बॉस्टन त्याला परके वाटण्याचे कारण नाही. गावकी, जातपंचायत, दंड, वाळीत टाकणे हे शब्द त्याच्यापाशी आधीच असतात. मात्र ते हाताशी असल्यामुळेच या कादंबरीतील एक मूलभूत गोष्ट त्याच्या नजरेतून निसटण्याचा संभव असतो.

हेस्टर प्रिन हिला तीन तास चबुतऱ्यावर उभे केले जाते आणि व्यभिचाराचे अक्षर जन्मभर छातीवर वागवण्याची शिक्षा होते. पण तिला कोणी वाळीत टाकत नाही. ती गावाच्या कडेला समुद्रकाठी राहते, शिवणकाम करते, आणि तिच्या हातचे भरतकाम प्रतिष्ठितांच्या अंगावर मिरवते. बॉस्टन सोडून जाण्याची तिला मोकळीक असते. ती जात नाही. थोडक्यात, हा समाज तिला बाहेर काढत नाही, तर कायम डोळ्यांसमोर ठेवतो. पुढे अधिकारीमंडळी ते अक्षर उतरवू देण्याचा विचार करू लागतात, तेव्हा ते उतरवणे अधिकाऱ्यांच्या हातचे नाही, असे ती सुनावते. बाहेरून लादलेली लज्जा सात वर्षांत तिने स्वतःच्या मालकीची केलेली असते. शेवटी परत आल्यावर तर कोणी सांगितलेले नसताना ती ते पुन्हा धारण करते.

आपल्या परंपरेतील बहिष्काराची घडण निराळी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताविषयी जो विधी येतो, त्यात सगेसोयरे जिवंत माणसाला मेलेला मानून त्याच्या नावाने उदक देतात आणि दासी पाण्याने भरलेला घट पायाने उलथवते. घटस्फोट तो हा. (आज हा शब्द विवाहविच्छेदापुरता उरला आहे, विवाह मोडण्यासाठी मराठीने नेमका हाच शब्द निवडावा, यावर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.) पण तेवढ्यावर विधी संपत नाही. प्रायश्चित्त झाल्यावर तेच नातलग त्या माणसाबरोबर स्नान करतात आणि नवा घट पाण्यात सोडतात. हा दुसरा घट बॉस्टनपाशी नाही. आपल्याकडे बाहेर जाण्याचा रस्ता जसा आखलेला होता, तसाच परतण्याचाही होता. त्याला खर्च येई, आणि हृदयपरिवर्तनाची अट तिथे फारशी कसोशीने तपासली जात नसे. पतित स्त्रियांनाही हाच विधी सांगितलेला आहे, पण त्यांच्यासाठी एक पुरवणी जोडली आहे: त्यांना अन्नवस्त्र द्यावे आणि घराजवळ राहू द्यावे. हेस्टरच्या झोपडीची आठवण इथे अपरिहार्य आहे.

पश्चात्तापावाचून प्रायश्चित्त म्हणजे काय, याचे उदाहरण 1890 च्या पुण्यात मिळते. पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटे पुढे आली, गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहा घेतल्याचे दुःख यांपैकी कोणाला झाले असेल, असे मानण्यास आधार नाही. रानड्यांना खाली मान घालावी लागली ती चहामुळे नव्हे, प्रायश्चित्तामुळे, आणि तीही सुधारकांच्या वर्तुळात. दुसरा घट पाण्यात सोडताच निराळ्या सभेत पहिला घट उलथला.

सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2017 पासून अंमलात आलेल्या खास कायद्याने गुन्हा ठरला आहे. ते योग्यच झाले. पण हा कायदा जिथे पोचू शकत नाही अशी एक सभा मराठी रंगभूमीने त्यापूर्वी अर्धशतकभर आधी दाखवली होती. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मधील अभिरूप न्यायालय एका खेड्यातील सभागृहात भरते, पण ते खेड्याचे नाही. न्यायाधीश, वकील, आरोपी सारे मुंबईहून आलेले आहेत. कोर्ट त्यांनी सामानासोबत आणले आहे. गावचा एकटा सामंत त्यात ओढला जातो, आणि साक्ष द्यायची तर बिचारा हातातल्या कादंबरीतील मजकूर सांगतो. लज्जा ही खेड्याची, या सुरुवातीच्या वाटणीला एवढे एक पात्र पुरेसे उत्तर आहे. किन्हवलीच्या वाचकाने हे नाटक सामंताच्या जागी बसून वाचावे. शहरी समीक्षेने ते तसे क्वचितच वाचले आहे.

या कोर्टातून लीला बेणारेला परतीचा मार्ग नाही, आणि हेस्टरसारखी ती शिक्षा स्वतःची करून घेण्याइतका अवधीही नाही. तिचा जीव ज्यांच्यात गुंतला होता ते प्रोफेसर दामले पहिल्या अंकापासून अखेरपर्यंत रंगमंचावर येत नाहीत. हॉथॉर्नचा डिम्सडेल निदान रात्रीच्या अंधारात चबुतऱ्यावर चढतो आणि शेवटी भर गर्दीत कबुली देतो. तेवढे करूनही, त्याच्या छातीवर काही खूण नव्हती आणि त्याच्या बोलण्याचा तसा अर्थही नव्हता, असे सांगणारे साक्षीदार निघतातच. पाद्र्याची कबुली ऐकून नाकारली जाते. बेणारेचे दीर्घ स्वगत तर कोणी ऐकतच नाही: ती बोलत असताना कोर्टातील सगळी माणसे जागच्या जागी थिजलेली असतात, आणि ती थांबताच पुन्हा हलू लागून, मध्ये काही घडलेच नाही अशा रीतीने, निकालाकडे वळतात.