कोनाबाहेरचा सिग्नल

९०° चा सेक्टर अँटेना म्हणजे पंचेचाळीस डावीकडे, पंचेचाळीस उजवीकडे आणि पुढे अंधार, असा समज असतो. अंधारबिंधार काही नाही. मधल्या रेषेवरची शक्ती जिथे निम्मी होते, म्हणजे ३ डीबीने उतरते, तिथे डेटाशीटवर रेघ मारलेली असते. इतकंच.

▪

मोबाइलच्या टॉवरकडेच बघा. तीन सेक्टर, प्रत्येकाच्या वाट्याला १२०°, पण अँटेना बहुधा ६५° चे. तीन पासष्टे एकशे पंच्याण्णव. उरलेलं १६५° वर्तुळ रेघेबाहेर, आणि तिथेही फोन लागतोच! दोन सेक्टरांच्या सांध्यावर सिग्नल मधल्या रेषेच्या दशांशावर येतो. हे मुद्दाम केलेलं असतं. अँटेना आणखी रुंद घेतले तर शेजारचे सेक्टर एकमेकांत मिसळतील.

▪

हाताशी ठेवायचा हिशेब: मधल्या रेषेपासूनच्या कोनाला बीमविड्थने, म्हणजे डेटाशीटवरच्या कोनाने, भागा, वर्ग करा, १२ ने गुणा; येते ती डीबीतली घट. ९०° च्या सेक्टरला ६०° वर सुमारे ५ डीबी घट, अगदी कुशीला, म्हणजे ९०° वर, १२. मोकळ्या हवेत १२ डीबी म्हणजे अंतर पावपट: समोर ८ किलोमीटरवर मिळतं ते कुशीला २ किलोमीटरवर. अर्थात हा अंदाज गुळगुळीत आहे. खऱ्या अँटेनाला बाजूचे लोब असतात, मध्ये खड्डे असतात. चार अंश सरकलं की चित्र बदलतं.

▪

आता अशा सेक्टरवरून घरोघर इंटरनेट देणाऱ्यांसाठी खरी गोम. कुशीच्या वाडीत डिश लावली, लिंक आली, गिऱ्हाईक खूश. पण जुन्या ८०२.११एन वायफायमध्ये २० मेगाहर्ट्झवर, एका स्ट्रीमला वरचा दर ६५ एमबीपीएस, तळाचा ६.५. तळाच्या दरावरचं घर तेवढ्याच डेटासाठी हवेतला दहापट वेळ खातं. हवा सगळ्यांची एकच. वाडीतल्या एका घरात सिनेमा सुरू झाला की समोरच्या गावाचा वेग बसतो, आणि तक्रार समोरचं गाव करतं.

▪

सिग्नलचा आकडा चांगला, तरी वेग नाही? कोनाबाहेर आडवं-उभं पोलरायझेशन एकमेकांत गळू लागतं. त्यांवरचे दोन स्ट्रीम वेगळे राहत नाहीत.

▪

अँटेना जिथे बोलतो तिथलं ऐकतोही. कुशीकडचा गोंगाट याच वाटेने आत येतो.

▪

तेव्हा कुशीचं एखादं घर मोठ्या डिशवर वरच्या दरात बसत असेल तर खुशाल घ्या. तळाच्या दरावर रखडत असेल तर नाही म्हणा, आणि दोन-चार घरं मागू लागली की तिकडे तोंड करून दुसरा सेक्टर चढवा.