दाण्याचा बचाव, अळीची चाल

हरभरा, वाल, सोयाबीन यांच्या दाण्यात भरपूर प्रथिनं असतात; पण रोपानं ती माणसासाठी साठवलेली नसतात. ती असते पुढच्या रोपाची शिदोरी, आणि तिच्या राखणीची सोयही दाण्यातच असते. आम्हा जीवरसायनशास्त्रज्ञांच्या भाषेत तिचं नाव ट्रिप्सिन-निरोधक.

ट्रिप्सिन हे आपल्या लहान आतड्यात काम करणारं विकर. लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्लं दिसली, की तिथे ते प्रथिनाची साखळी तोडतं. निरोधक हेही प्रथिनच. त्याच्या पृष्ठभागावर नेमकं असंच एक ठिकाण पुढे आलेलं असतं. ट्रिप्सिन ते कापायला जातं आणि तिथेच अडकून पडतं. मग स्वादुपिंड आणखी विकर पाठवतं. कच्चं सोयाबीन खाणाऱ्या उंदरांचं स्वादुपिंड त्यामुळे चक्क मोठं होतं.

सोयाबीन शिजवून दिलं तरच उंदीर नीट वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी अमेरिकेत 1917 मध्येच दाखवलं होतं. चाळीसच्या दशकात मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला निरोधक स्फटिकरूपात वेगळा केला. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डॉ. कमला सोहोनी यांनी भारतीय खाद्यपदार्थांतले निरोधक तपासले. त्यांचं हे काम 1954 मध्ये प्रसिद्ध झालं.

स्वयंपाकघरात यावर उतारा आहे तो उष्णतेचा. कुनिट्झ जातीच्या निरोधकाची घडी चांगल्या उकळीनं मोडते. बोमन-बर्क जातीचा निरोधक मात्र चिवट. एवढ्याशा रेणूत सात गंधकबंध असल्यानं तो उष्णतेला बराच काळ दाद देत नाही. कडधान्य भिजवून कुकरमध्ये पुरतं शिजवायचं, ते यासाठीही.

अळीकडे कुकर नसतो.

1972 मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं, की कोलोरॅडो भुंगेऱ्यानं बटाट्याचं किंवा टोमॅटोचं एक पान कुरतडलं, तर न कुरतडलेल्या पानांतही निरोधक साठू लागतात. मग हरभऱ्यावर घाटेअळी एवढी का माजते? त्याचं उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिळालं. प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, की हरभऱ्याच्या निरोधकांचाच घाटेअळीच्या आतड्यातली विकरं फडशा पाडू शकतात. पिढ्यान्‌पिढ्या हरभरा खाणाऱ्या अळीला त्याचे डावपेच पाठ झालेले होते. पुढच्याच वर्षी याच गटानं भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांचे निरोधक वापरून पाहिले. अळीला ते अनोळखी होते. तिची विकरं अडली आणि वाढ खुंटली.

या प्रयोगांचा निष्कर्ष सरळ आहे. घाटेअळीला तोंड देणारं वाण घडवायचं, तर हरभऱ्याचा स्वतःचा निरोधक वाढवून भागणार नाही. वेगवेगळ्या परक्या निरोधकांची आलटून पालटून जोड द्यावी लागेल, कारण अळीही आपली विकरं बदलत असते.