माशी आणि मासा

काकांना ‘फ्लाय’ या शब्दाचा अर्थ सांगितला आणि तिथेच माझी पत गेली. “माशीनं मासा धरतेस?” ते फोनवर इतके हसले की मागून काकू काय झालं म्हणून विचारू लागली. “आमच्याकडे माशी भातावर बसते, बाय. गळाला कोलबी लावतात.”

नावात माशी असली तरी खाऱ्या पाण्यातली ही माशी माशी नसतेच, हे मी त्यांना पुढे बऱ्याचदा समजावलं. गोड्या पाण्यात, ट्राउटसाठी, खरोखर किड्यांची नक्कल करतात. समुद्रात मात्र पिसं, हरणाच्या शेपटीचे केस आणि चमकीचे दोन-चार धागे गळावर गुंडाळून एक खोटी मासोळी बनवायची असते. यातली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे लेफ्टी क्रे यांची ‘डिसीव्हर’, म्हणजे चक्क ठकवी. मेरीलँडच्या या माणसानं ती १९५०च्या दशकाच्या शेवटी चेसापीकच्या खाडीतल्या पट्टेरी बाससाठी बांधली आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्यानं तिचं तिकीट काढलं. काकांना बाकी काही पटलं नाही, तिकिटाचं मात्र पटलं. गळाला सरकारी मान मिळतो तो देश अगदीच वाया गेलेला नसावा, असं त्यांचं मत झालं.

मी बॉस्टनच्या उत्तरेला राहते. मेरिमॅक नदी अटलांटिकला मिळते तिथे, प्लम आयलंड नावाच्या वाळूच्या बेटाच्या आतल्या अंगाला, जोपा फ्लॅट्स म्हणून चिखलवाळूचा सपाट पसारा आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला मांडीभर पाण्याखाली जातो. कडेनं गवताळ खाजण. या गावात आल्यावर पहिल्या वर्षी घराच्या ओढीनं मी वेडीपिशी झाले होते. एका संध्याकाळी ओहोटीच्या वेळी गाडीची काच खाली केली आणि आमच्या खारेपाटातला वास आत आला. कुजलेल्या गवताचा, काळ्या चिखलाचा, किंचित गंधकाचा तो वास. लोक नाकाला रुमाल लावतात अशा त्या वासात मी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास बसून राहिले. मासेमारी त्यानंतर आली. तिच्या आधी वास आला होता, हे सांगायला हवं.

लायलॅकची जांभळी फुलं फुलली की बास आले, असं इथले जुने मासेमार म्हणतात. ते मे महिन्याच्या मध्यावर. मग ऑक्टोबरपर्यंत माझे शनिवार-रविवार पहाटे साडेतीनला सुरू होतात. छातीपर्यंतची रबरी विजार, नऊ फुटांची काठी आणि कमरेला पट्ट्यानं बांधलेला प्लॅस्टिकचा टब. टबाला इथे भारदस्त नाव आहे, पण दिसतो तो भांडी घासायचाच. ओढून घेतलेला दोर पाण्यात तरंगून पायांत अडकू नये म्हणून तो लागतो. आई एकदा इथे आली होती. मला या अवतारात बघून म्हणाली, “लग्नाच्या वेळी एवढं सामान दिलं नव्हतं आम्ही.”

काका गळ टाकत तेव्हा दोराच्या टोकाला शिसं असे. डोक्याभोवती दोन फेरे देऊन सोडलं की शिसं पुढे जाई आणि दोर त्याच्या मागे फरफटत. माझ्या माशीला वजनच नाही. पिसाला कोण किती लांब फेकणार? म्हणून इथे वजन दोरात असतं. जाडसर, गुळगुळीत दोर हवेत वळणं घेत जातो आणि माशीला कडेवर घेऊन नेतो. त्यासाठी दोर आधी मागे फेकायचा, तो पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे. थांबायचं म्हणजे जेमतेम सेकंदभर, पण मला तो सेकंद शिकायला दोन हंगाम लागले. घाई केली की दोर चाबकासारखा कडाडतो आणि माशी तुटून जाते. अशा कितीतरी ठकव्या मी मेरिमॅकला अर्पण केल्या आहेत.

बास दिसतो कसा? रुपेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, जणू कुणी वहीचं पान आखलंय. पहाटेच्या उथळ पाण्यात रेघा दिसत नाहीत, फक्त पाण्याची कातडी एका जागी थरथरते. वाळूत पुरून घेणाऱ्या पेन्सिलीएवढ्या मासोळ्या भरतीबरोबर वर येतात, त्यांच्यावर बास तुटून पडतात, त्यांच्यावर सुरय पक्षी. त्या क्षणी काठी हातात आहे हे मी काही वेळा विसरले आहे. मासा न धरता परत आल्यावर घरी सांगायला हे कारण चालत नाही.

आमच्याकडे, पेणच्या खाली, खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं आत येऊ द्यायचं नाही, म्हणून बसवलेली झडप. काका मला तिथे घेऊन जात ते जिताड्यासाठी. जिताडा म्हणजे आमच्याकडचा राजा. जावई आला की तळ्यातला जिताडा निघालाच पाहिजे. पावसाळ्यात खाडीतून आत आलेली पिल्लं आणून तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं वाढू द्यायची. उघाडीचा जिताडा मात्र रानटी. जिवंत कोलबी लावून काका भरती वळायची वाट बघत बसायचे. बोलायचं नाही, खोकायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. मासा लागला की ते पहिल्यांदा मला लांब ढकलायचे, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. मग रात्री तळलेली गाभोळी. तिच्यावरून माझी नि चुलतभावाची झालेली भांडणं घरात अजून सांगतात.

हे सगळं आठवत मी इथे मासा धरते आणि सोडून देते. काकांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. “सोडायचा होता तर धरलास कशाला?”

याला माझ्याकडे बरीच वर्षं एक तयार उत्तर होतं. ते इतिहासाचं होतं. बास हा मासा माणसानं एकदा जवळजवळ संपवला होता. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांना तो इतका मिळे की ते शेतात खत म्हणून पुरत. १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीनं त्यावर बंदी घातली. १६७० मध्ये शेजारच्या प्लिमथनं मासेमारीच्या उत्पन्नातून मोफत शाळा चालवायचं ठरवलं. पोरांनी अक्षरं गिरवली ती बासच्या पैशावर. मग तीनशे वर्षं उपसा. १९८०च्या आसपास मासा दिसेनासा झाला, १९८४ मध्ये केंद्रानं त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९८५ पासून मेरीलँडनं पाच वर्षं मासेमारी पूर्ण बंद ठेवली. त्या काळातला एक नियम मला फार आवडतो. १९८२ साली जन्मलेल्या माद्यांपैकी पंच्याण्णव टक्के माद्यांनी एकदा तरी अंडी घालेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही! कुठल्या कचेरीत बसून कुणी हे लिहिलं असेल? आमच्या आजीनं लिहिला असता असा नियम आहे तो.

त्याच १९८५ मध्ये न्यूयॉर्कनं वेस्टवे नावाचा नदीकाठचा महामार्ग गुंडाळला. हडसनमध्ये भराव घालून तो व्हायचा होता. जुन्या धक्क्यांच्या खांबांमध्ये बासची पिल्लं हिवाळा काढतात, हे कोर्टात पुढे आलं आणि अब्जावधींच्या रस्त्याचं घोडं तिथे अडलं. (वरळीच्या कोळ्यांना किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर साठऐवजी एकशेवीस मीटर करून घ्यायला किती झगडावं लागलं, ते वाचताना मला हडसनची ती पिल्लं आठवत होती.)

१९९५ मध्ये बास पुन्हा भरभराटीला आला असं जाहीर झालं. गोष्ट तिथे संपली असती तर माझं उत्तरही पुरलं असतं. २०१९ च्या पाहणीत तो पुन्हा खालावलेला निघाला. मेरीलँडचे शास्त्रज्ञ १९५४ पासून दर उन्हाळ्यात चेसापीकच्या काठाला शंभर फुटी जाळं ओढून त्या साली जन्मलेली पिल्लं मोजतात. आपली छोटी रापणच म्हणायची. एका ओढीला सरासरी अकराच्या आसपास पिल्लं मिळायला हवीत. २०२३ मध्ये एक मिळालं. पुढची दोन वर्षंही सरासरीच्या बरीच खाली गेली. अंडी नदीच्या ओघात दोनेक दिवस तरंगत राहावी लागतात, तळाला बसली की गुदमरतात. म्हणून हिवाळा कडक आणि वसंतात नदीला पाणी भरपूर, असं वर्ष त्यांना मानवतं. तसे हिवाळे आता कमी येतात, आणि त्यावर काठी-दोरवाल्यांकडे काही उपाय नाही.

आता नियम असा की दिवसाला एक मासा, तोही अठ्ठावीस इंचांपेक्षा लहान नको आणि एकतीसपेक्षा मोठा नको. हे ऐकून काका वैतागले. “मासा किलोत मोजतात. इंचात मोजायला ते काय कापड आहे?”

माझं तयार उत्तर मोडलं ते वेगळ्याच कारणानं. जुलैची दुपार, पाणी कोमट. चाळीस इंचांची मादी लागली. वीस मिनिटं मी तिला दमवलं, म्हणजे तिनं मला. मग काठावर आणली, वाळूवर ठेवली, मोजली, उचलून फोटो काढला. नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. पाण्यात सोडली तेव्हा ती हळूहळू गेली आणि मी फार थोर काही केल्यासारखी उभी राहिले. अर्ध्या तासानं दोनशे पावलांवर कुरव पक्षी गोळा झालेले दिसले. पांढरं पोट वर. रेघा तशाच, आखलेल्या.

सोडलेल्या शंभरांतले नऊ मरतात, असं इथले मत्स्यखात्याचे लोक हिशेबात धरतात. नऊ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सोडले जाणारे मासे कोटींत असतात. काही वर्षी हौशी लोकांनी सोडून मेलेले मासे त्यांनी घरी नेऊन खाल्लेल्या माशांपेक्षा जास्त भरलेत. काका उघाडीवर एक जिताडा धरायचे, नऊ माणसं जेवायची. मी प्रेमापोटी सोडते, आणि माझ्या प्रेमाचा आकडा तक्त्यात मृतांच्या रकान्यात जातो.

तेव्हापासून गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी पक्कडीनं चेपून टाकते. काठी जरा दणकट घेतली, मासा लवकर हाती यावा म्हणून. हात ओले केल्याशिवाय त्याला शिवत नाही, पाण्याबाहेर काढत नाही, फोटो नाही. जुलै-ऑगस्टच्या उन्हात जातच नाही. हे सगळं करूनही नऊचे शून्य होत नाहीत. मासेमारी सोडून दे, हा त्यावरचा सरळ उपाय मला माहीत आहे. तो मी केलेला नाही.

त्या मादीचं काकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. मोठ्या मासळीला पोटात वीस-तीस लाख अंडी असतात, इथवर वर येणाऱ्या मोठ्या माशांत माद्याच जास्त, म्हणून वरची एकतीसची रेघ, असं मी सांगत होते. मग जिताड्याचं सांगितलं. जिताडा जन्मतो नर म्हणून आणि वाढला की काही वर्षांनी मादी होतो. पलीकडे बराच वेळ नुसती पंख्याची घरघर.

“म्हणजे थोरला जिताडा सगळा बाईच?”

“बहुतेक.”

“मोठ्याच्या पोटात गाभोळी सापडायची खरी. आम्ही बघत होतो. का ते कुणी विचारलं नाही.”

बास आणि जिताडा, दोघी बाळंतपणाला माहेरी जातात. एक समुद्रातून नदीत चढते, दुसरी नदीतून खाडीच्या तोंडाशी उतरते. दोघींची वाट एकाच जागेवरून जाते आणि तिथे कुणीतरी गळ घेऊन उभं असतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, ती बातमी काकांनीच मला वाचून दाखवली होती. लहान मासा वाचला पाहिजे हे आपल्याला पटतं. पोराटोरांवर हात उचलू नये तसं ते आहे. थोरला मासा सोडून द्यायचा, हे मात्र जिभेला पटत नाही. गाभोळीचं नाव काढलं की माझ्याही तोंडाला अजून पाणी सुटतं, ते मी काकांपासून लपवलेलं नाही.

परवा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाच वाजता भरती वळली. धुकं इतकं की काठीचं टोक दिसेना. पलीकडच्या बेटावरचा किनारा एप्रिलपासून बंदच आहे, मुठीत मावतील एवढ्या चिखल्या पक्ष्यांनी वाळूत अंडी घातलीत म्हणून. तिथल्या लाटांचा आवाज तेवढा येत होता. दोर मागे टाकला, थांबले, पुढे टाकला. तिसऱ्या ओढीला कुणीतरी माशी हातातून हिसकावून घेतल्यासारखं झालं. सहा-सात मिनिटांत ती माझ्या गुडघ्याशी होती. काठीवर केलेल्या खुणेला लावून बघितली. तेहतीस. बासच्या जबड्याला दात म्हणून नावापुरतेच, खरखरीत कागदासारखे. खालच्या ओठात अंगठा घालून मी तिचं तोंड प्रवाहाकडे धरून ठेवलं. कल्ले उघडमीट करू लागले. मग तिनंच अंगठा चावून, झटका देऊन सोडवून घेतलं आणि शेपटीनं माझ्या चष्म्यावर पाणी उडवून गेली.

गाडीशी आले. तिकडे दुपारचे तीन वाजले असणार, काका वामकुक्षी आटोपून चहाची वाट बघत असतील. फोनवर अंगठा टेकवला. उघडेना. चष्मा पुसला, अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. त्याची सगळी कातडी सोलवटून गेली होती, फोनला मी ओळखूच येईना. शेवटी गारठलेल्या बोटांनी आकडे दाबले.

काकांनी पहिल्याच घंटेला उचलला.

“किती इंच?”