श्टुटगार्टमधला झाडूचा आठवडा

मोटारींसाठी जगात नावाजलेल्या जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात आम्ही राहतो. इथं लहान-मोठा प्रत्येक जण ज्याला वचकून असतो, तो आहे 'केअरवोखं', म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. त्यानं जिना झाडून-पुसून घ्यायचा. मोठी पाळी आली तर तळघर, अंगण, फूटपाथ आणि थंडीत बर्फसुद्धा!

आमच्या वर डॉक्टरीणबाई राहतात, खाली बस ड्रायव्हर. बाई पाळीला गुडघ्यावर बसून पायऱ्या पुसतात. कुणी वळूनही बघत नाही. पहिल्यांदा आम्ही मात्र बघतच राहिलो. का, ते वाचकांना सांगायला नको. गावाकडं फोनवर सांगितलं तर आत्या म्हणाली, "इतक्या लांब जाऊनबी झाडूच का रं?" डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "खरं सांगतोस?"

आपली घाण आपणच दर आठवड्याला बाहेर न्यावी, असा इथला नियम 1492 सालचा. 1988 मध्ये शहरानं सक्ती उठवली, पण घरभाड्याच्या करारात ती अजून असते. शिवाय शेजारच्या आजीबाई आहेतच! चष्मा लावून कोपरे तपासतात. जिना लख्ख असला तरी झाडताना दिसलं पाहिजे. हे जरा अतीच.

हल्ली काही इमारती पैसे देऊन माणसं लावतात. आमच्या गल्लीत बादली घेऊन येणारे सगळे परदेशीच, हे आम्ही लगेच हेरलं. एकाशी बोललो, तो घानाचा निघाला. घरी त्याच्याही दारावर पाटी लागते म्हणाला, आणि हसला.